समान आवाजात

सोनार सोने तोलण्यापूर्वी तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्यावर उभा राहतो की नाही हे पाहून घेतो. गाणे तोलताना मात्र एवढी खबरदारी घ्यावी, असे रसिक म्हणविणाऱ्यांच्याही क्वचितच मनात येते.

येथे विजय नगरात आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात अशीच एक न्यायसभा भरली होती. आमच्या आत्याबाईंनी उतारवयात म्हटलेल्या चार नाट्यपदांची एक कॅसेट आमच्यापाशी होती. त्यांच्या कंठाची तेवढीच खूण आता उरली आहे. फितीवरचा लेप झडू लागला, म्हणून आमच्या भाच्याने ती संगणकावर उतरवून तिचे तीन पाठ सिद्ध केले. पहिला जशाचा तसा, दुसरा खरखर थोडी कमी केलेला, आणि तिसरा खरखर समूळ पुसून, आवाजाची उंच टोके दाबून एकंदर जोर चढविलेला. यांपैकी एक नागपूर, इंदूर, पुणे येथील आप्तांकडे जावयाचा होता. पुढच्या पिढीला आत्याबाई म्हणजे तोच आवाज!

मंडळींनी एकमुखाने तिसरा पाठ उचलला. शेजारचे हिंदीभाषी स्नेही म्हणाले, "इसमें दम है." दम होता खरा, तो आत्याबाईंचा की यंत्राचा, एवढाच प्रश्न होता.

आम्ही भाच्याला म्हटले, "बाळ, आधी तिन्हींचा आवाज सारखा कर."

"पण मामा, तिन्हींची शिखरे सारखीच आहेत!"

शिखरे सारखी असली म्हणून पठारेही सारखी असतात असे नाही. कान शिखरापेक्षा पठाराकडेच अधिक पाहतो. शिवाय १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन यांनी दाखवून दिले आहे की, आवाज मंद असला म्हणजे खर्ज कानाला प्रमाणाबाहेर क्षीण वाटतो, आणि आवाज वाढविताच तो भरून येतो. म्हणून एखाद्या डेसिबेलचा फरक 'मोठा' असा जाणवतच नाही. तो 'भरदार', 'स्पष्ट', क्वचित 'गोड' असाही जाणवतो. या एका भ्रमापायी गेल्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या ध्वनिमुद्रिकांत एकमेकींहून मोठ्याने ओरडण्याची चढाओढ लागली होती. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला भासणारा जोर मोजण्याची एक सर्वमान्य रीत ठरवून दिली, हे फार बरे झाले.

त्या रीतीने मोजता तिसरा पाठ पहिल्याहून सहा डेसिबेलने चढा निघाला. चढ्याला खाली आणावयाचे, मंदाला वर ओढावयाचे नाही. कारण वर ओढताना त्याची शिखरे छाटली जातात. तिन्ही पाठ समान झाल्यावर ध्वनिवर्धकाची खुंटी एका खुणेवर स्थिर केली, आणि कोणता पाठ चालू आहे हे न सांगता सूनबाईंनी एकच ओळ आलटूनपालटून लावली.

घरात शांतता पसरली. एका पाठात स्वर लागण्यापूर्वीचा श्वास ऐकूच येईना. खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीही पुसली गेली होती, आणि 'स' बोथट झाला होता. तो तिसरा होता, हे मागाहून कळले. सातांपैकी पाचांनी दुसरा पाठ पसंत केला. आमच्या वहिनी मात्र तिसऱ्यावरच अडून राहिल्या. त्यांना कमी ऐकू येते, आणि त्या गाणे ऐकतात ते स्वयंपाकघरात, पंखा घरघरत असताना. तेव्हा त्यांचे म्हणणे गैर होते असे आम्हांला वाटत नाही. त्यांना तिसरा दिला, आणि इतरांना दुसरा धाडला.

पहिला पाठ भाच्याने दोन ठिकाणी जतन करून ठेवला आहे. त्यात चौथे पद संपल्यावर आत्याबाई तंबोरा भिंतीशी टेकवतात, तो लाकडाचा बारीक आवाज आहे. अन्य दोहोंत तो नाही.