खोल पाण्यातला गळ

शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळाचा मात्र एकदाच. मंदिराचा कर भरण्याची वेळ आली, तेव्हा प्रभू येशूने पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकायला सांगितले आणि पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे सापडेल, असे आश्वासन दिले. मत्तयच्या सतराव्या अध्यायातील हा प्रसंग आम्ही मिस्सामध्ये अनेकदा ऐकला होता. तो गळ कसला होता, पेत्राने तो किती खोल सोडला, असले प्रश्न मात्र आम्हाला कधी पडले नव्हते. ते पडले दोन वर्षांपूर्वी, आमचा धाकटा मुलगा शिक्षण अर्धवट टाकून घरी परतला तेव्हा.

तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. का परतलास, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही; आणि आम्हीही तो प्रश्न इतक्या वेळा व इतक्या करड्या स्वरात विचारला, की उत्तर येण्याची वाटच बुजली. एका छपराखाली राहून आम्ही दोघे जेवणाच्या ताटापुरते समोरासमोर येत असू. अशात एके दिवशी तो आईला म्हणाला, "मला गळाने मासे धरायचे आहेत." आम्ही दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठले आणि सगळा सरंजाम घेऊन आलो. त्याला सोबत न्यावे, हे आम्हाला सुचलेही नाही.

जे महाग ते चांगले, या हिशेबाने आम्ही खरेदी केली: केवळ शेंड्याशी वाकणारा ताठ रॉड, हँडल एकदा फिरवले की फिरकीचे सात फेरे पुरे करणारे वेगवान रीळ, आणि पंधरा फूट बुडी मारणाऱ्या तीन बनावट मासोळ्या. अशा मासोळीच्या तोंडाशी रुंद, पारदर्शक पट्टी असते. दोरा ओढला की पाण्याचा रेटा त्या पट्टीवर बसतो आणि मासोळी डोके खाली घालून थरथरत खोल जाते. ओढ थांबली की ती हलकी असल्याने पुन्हा वर तरंगते.

गोंदिया जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने पूर्वी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले आणि मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' म्हणून ओळखले जाणारे हे तलाव मुख्यतः भातशेतीसाठी आहेत. त्यांचे पाणी पसरट, काठाशी उथळ आणि पाणवनस्पतींनी भरलेले. मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन अशाच एका तलावावर आमची पहिली सकाळ गेली. प्रत्येक फेकीला मासोळी तळाशी जाऊन शेवाळाचा भारा घेऊन येई. काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेले एक वृद्ध ढिवर बराच वेळ पाहत होते. अखेर ते म्हणाले, "बाबू, पान्याचा थांग पाहा, मंग गर टाका." आम्ही ओशाळलो. मुलगा हसला. कित्येक महिन्यांनी त्याला हसताना पाहिले.

त्या रात्री आम्ही प्रथमच त्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि काय चुकले, ते त्यालाच विचारले. तो सलग अर्धा तास बोलला. त्याचे म्हणणे असे: खोल जाणारी मासोळी पाण्याला फार अडते. वेगवान रिळाने ती ओढणे म्हणजे चढावर जड गिअरमध्ये सायकल चालवणे. तासाभरात मनगट जाते. एका फेऱ्याला पाच वळसे घेणारे, संथ पण जोरकस रीळ हवे. रॉड सात ते साडेसात फुटांचा, म्हणजे फेक लांब जाते. कारण मासोळीला पूर्ण खोली गाठायला बरेच अंतर कापावे लागते. दोरा जितका बारीक, तितका पाण्याचा अडथळा कमी आणि बुडी खोल. तेव्हा पाच किलो ताकदीचा, ०.३० मिलिमीटर जाडीचा पुरे. आणि रॉड ताठ नको, मध्यापर्यंत वाकणारा हवा. मासोळीला तीन काट्यांचे बारीक गळ असतात. मासा लागल्यावर रॉडने थोडे नमते घेतले नाही, तर ते माशाच्या तोंडातून फाटून सुटतात.

"ताठपणाने लागलेला मासा जातो, बाबा," तो म्हणाला. तो माशांविषयीच बोलत होता. आम्ही मान खाली घातली.

दुसरी खरेदी आम्ही दोघांनी मिळून केली. या वेळी रॉड दुकानात वाकवून पाहिला, रीळ फिरवून पाहिले. आणि पैसेही पहिल्यापेक्षा कमी लागले.

मग गेलो इटियाडोहला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेल्या या धरणाला खरी खोली आहे. तिथेही संस्थेची परवानगी घेतली. एका सभासदाने आपल्या डोंग्यातून आम्हाला खोल पाण्यावर नेले. शिमोन पेत्र रात्रभर रित्या जाळ्याने थकला असता, प्रभूने त्याला होडी खोल पाण्यात लोटायला सांगितले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ च्या प्रारंभी साऱ्या ख्रिस्तसभेला त्याच आज्ञेचे स्मरण करून दिले होते. डोंग्यात बसल्यावर ते आठवले, आणि पेत्राची भीतीही थोडी कळली.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला आमची मासोळी बुडालेल्या खोडात अडकली. आम्ही सवयीने हिसका दिला, मग दुसरा, मग तिसरा. दोरा तुटायला आला. मुलाने आमच्या हातावर हात ठेवला. "ओढू नका, बाबा. सैल सोडा." आम्ही दोरा सोडला. थोड्या वेळाने मासोळी खोडापासून आपोआप सुटली आणि दूर पाण्यावर तरंगताना दिसली. ओढत राहिलो असतो, तर ती पट्टीसकट तळाशीच राहिली असती.

त्यानंतर आम्ही काहीही विचारले नाही. तासाभराने तो आपणहून बोलू लागला. तिसऱ्या वर्षी त्याच्यावर काय गुदरले, ते आम्ही त्या डोंग्यात ऐकले. ते येथे लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही. एवढेच सांगतो, की आमच्या करड्या प्रश्नांपैकी एकही प्रश्न त्या दुखण्याच्या आसपास पोहोचला नव्हता.

दुपारी त्याला हातभर लांबीचा शिंगाळा लागला. रॉड मध्यापर्यंत वाकला, पण मासा सुटला नाही. तो आम्ही डोंगेवाल्याला दिला. त्याच्या तोंडात नाणे नव्हते. परतताना मात्र आम्ही रित्या हाताने येत आहोत, असे वाटले नाही.

मुलगा आता गोंदियातच मोटारदुरुस्तीचे काम शिकतो आहे. तो पहिला ताठ रॉड आणि वेगवान रीळ आम्ही माळ्यावर टाकणार होतो. त्याने टाकू दिले नाही. पाणवनस्पतींवरून बेडकाच्या आकाराचे आमिष झपाट्याने ओढायला आणि मरळ मासा त्या जंजाळातून बाहेर काढायला असाच रॉड लागतो, असे तो म्हणाला. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्याच उथळ तलावावर गेलो. रॉडमध्ये काही खोट नव्हती. आम्हीच त्याला भलत्या पाण्यात उतरवले होते.