न्याय उंबरठ्याच्या आत यावा

पुण्यातल्या एका बँकेत ती नोकरी करते. घरात पती, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. सकाळी साडेनऊला घर सोडायचे आणि संध्याकाळी सातला परतायचे, असा 20 वर्षांचा क्रम. नोकरी सांभाळून घर कसे टापटीप ठेवते, म्हणून नातेवाईक तिचे कौतुक करतात. खरे तर त्या कौतुकातला निम्मा वाटा सकाळी सातला बेल वाजवणाऱ्या मावशींचा. भांडी, केर-फरशी आणि कपडे ही सारी कामे गेली 12 वर्षे त्यांच्याकडेच आहेत.

एका पावसाळ्यात तिला ताप आला. पाच दिवस अंथरूण धरावे लागले. डॉक्टरांचे सर्टिफिकेट बँकेत पाठवले, रजा मंजूर झाली, पगारातला एक पैसाही कापला गेला नाही. पुढच्याच महिन्यात मावशींनाही ताप आला. त्याही पाच दिवस आल्या नाहीत. एक तारखेला पैसे देताना तिने सवयीप्रमाणे पाच खाडे वजा केले.

मावशींनी नोटा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग एवढेच म्हणाल्या, ‘‘ताई, दवाखान्यातच 800 रुपये गेले हो.’’ आणि भांड्यांकडे वळल्या.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच की काय, ते वाक्य तिच्या मनातून जाईना. ताप तसाच, दिवस तेवढेच. मग एकीला रजा आणि दुसरीला खाडा, हा कुठला न्याय? ती स्वतः कर्मचारी संघटनेची सभासद. पगारवाढीसाठी संप केलेली, बँकेच्या दारात घोषणा दिलेली. पण ज्या हाताची मूठ तिथे आवळली, त्याच हाताने घरी बाईचे पैसे कापले होते.

एकदा डोळे उघडले की मग बरेच काही दिसू लागते. ओट्याखालच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला कप तिला दुसऱ्या दिवशी दिसला. म्हणजे तो रोजच तिथे होता. कान तुटलेला, मावशींच्या चहाचा. सासूबाई काही दुष्ट नाहीत. मावशींच्या मुलीच्या बाळंतपणात त्यांनीच डिंकाचे लाडू पाठवले होते. दर दिवाळीला साडी देतात. पण चहा मात्र त्याच कपात. ‘‘स्वच्छतेच्या दृष्टीने बरं असतं,’’ असे त्यांचे म्हणणे. घरातले सगळे कप ज्या हातांनी घासून स्वच्छ होतात, त्याच हातांना त्यातला एकही कप चालू नये, हा कसला स्वच्छतेचा विचार?

याच पुण्यात 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. समाज बदलण्याच्या गोष्टी इतरत्र बोलण्याआधी त्यांनी त्या स्वतःच्या घरात केल्या. 1927 साली महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. शाळेत हे सगळे पाठ केलेल्या माणसांच्या घरांत आजही वेगळा कप सापडतो. मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या उंच इमारतींत कामवाल्या बायकांसाठी लिफ्टही वेगळी असते. वर जायचे ते त्याच मजल्यावर आणि त्याच घरात, पण एका लिफ्टने नाही.

जेवणाच्या वेळी तिने विषय काढला. पती म्हणाले, ‘‘घर म्हणजे काय कारखाना आहे, पगारी रजा द्यायला? अडीनडीला आपण मदत करतोच ना!’’

मदत होते, हे खरे. पण मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. आज मन मोठे असले तर मिळते, उद्या नसले तर नाही. रजा मागताना बँकेत तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही, कारण तो तिचा हक्क आहे.

हा हक्क मोलकरणींनीही मागितला आहे. 1980 साली पुण्यातच त्यांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारांना त्यात नाव नोंदवता येते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बायकांचाही समावेश आहे. 2011 साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी स्वतंत्र करार स्वीकारला. त्यात आठवड्याला सलग 24 तासांच्या सुटीची तरतूद आहे. पण कायदा पुस्तकात असतो आणि मावशी स्वयंपाकघरात. दोघांची गाठ घालून देणार कोण?

तिने पाच दिवसांचे पैसे परत केले. मावशी गोंधळल्या. ‘‘उचल म्हणून का, ताई? पुढच्या महिन्यात कापाल?’’

‘‘नाही. तुमचेच आहेत.’’

त्या दिवशी तिने आपल्या कपांमधला एक कप मावशींपुढे ठेवला. त्यांनी चहा घेतला. पण कपाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना कौतुक वाटेल, असे तिला वाटले होते. थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, एक विचारू? महिन्यात दोन रविवार सुटी मिळेल का? नातवंडांचे तोंड बघायला होत नाही.’’

तेव्हा तिच्या लक्षात आले, आपले मन हलके करायला कप पुरेसा होता. मावशींना हवा होता वेळ. काय हवे ते 12 वर्षांत त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

रविवार ठरले. त्या दोन दिवशी भांडी मुलगा आणि पती घासतात. सुरुवातीला कुरकुर झाली, एक काचेचा ग्लासही फुटला. शेजारणीने नाराजी बोलून दाखवली, ‘‘तुम्ही असे लाड केलेत की आमच्याकडच्याही मागणार.’’ मागोत की! मागितल्याशिवाय तिला तरी पगारवाढ कुठे मिळाली होती? सासूबाईंचे मन अजून पुरते वळलेले नाही. कप कपाटात ठेवताना त्या तो पुन्हा एकदा विसळून घेतात. पण ओट्याखालचा कोपरा आता रिकामा आहे.

मंडळाच्या नोंदणीचा अर्ज भरायला दोघी एका संध्याकाळी बसल्या. पहिल्याच रकान्यात पूर्ण नाव लिहायचे होते. तिचे पेन थांबले. 12 वर्षे ‘मावशी’ म्हणून हाक मारली, पण पूर्ण नाव तिला ठाऊक नव्हते. शरमेने तिने विचारले. मावशींनी एकेक शब्द सावकाश सांगितला, आधी स्वतःचे नाव, मग पतीचे, मग आडनाव. ‘‘नीट लिहा हो, ताई,’’ म्हणाल्या.

समाज अधिक न्यायी व्हावा, माणसाने माणसाशी माणसासारखे वागावे, ही तिची आशा जुनीच आहे. पूर्वी ती आशा सरकारकडून होती, पुढाऱ्यांकडून होती, येणाऱ्या पिढीकडून होती. ती अजूनही आहे. पण आता तिला ठाऊक आहे की त्या समाजाचा एक छोटासा तुकडा तिच्याच ताब्यात आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढा. तिथला कारभार तरी चोख असावा. मावशी नावाचे नाते जोडले आहे, तर त्या नात्याला रजा, मोबदला आणि मान यांची जोड असावी. दर रविवारी नाही, तरी महिन्यातल्या दोन रविवारी मावशींची नातवंडे आजीची वाट पाहतात आणि आजी येते.