उन्हाळ्यासारखी म्हणजे कशी?

आमच्या कन्येला यंदा शाळेत शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट आहे. तेच ते, १६०९ साली छापलेल्या संग्रहातलं. प्रिय व्यक्तीला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा द्यावी का, असं कवी विचारतो आणि मग उन्हाळ्याचे दोष काढत बसतो. गृहपाठात प्रश्न होता, 'कवीला हीच उपमा का सुचली असावी?' कन्येने लिहिलं, 'त्यांचं भांडण झालं असावं.'

चूक कशी म्हणणार? आम्ही राहतो अबू धाबीत. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन कामगारांकडून उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी असते. मे २०२५ मध्ये स्वैहानला ५१.६ अंशांची नोंद झाली. आणि कवीची तक्रार काय, तर उन्हाळा फार लवकर संपतो! "बाबा, हे राहायचे कुठे?" कन्येचा प्रश्न.

मला शाळेत असे प्रश्न पडले नाहीत. उपमेय, उपमान, साधारण धर्म, सगळं तोंडपाठ. गाईडात होतं की उन्हाळा म्हणजे सौंदर्य. सोलापूरच्या मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा घेऊन मी ते घोकलं आणि गुणही घेतले. अर्थ कळला तो पुढे दहा वर्षांनी, पीएच.डी.साठी इंग्लंडला गेल्यावर. हिवाळाभर दुपारी चारलाच अंधार. मग पहिल्या जूनमध्ये एके दिवशी गाईड (हे माणूस!) म्हणाले, मीटिंग बाहेर हिरवळीवर घेऊ. रात्री नऊला उजेड होता आणि लोक नुसते पडून होते. अच्छा, म्हणजे हा उन्हाळा! देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, नावं गावं सगळी आपली केली. पण ऋतूचं काय करणार?

हे सगळं कन्येला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून इंग्लिशमध्ये वॉर्म म्हणजे चांगलं?" बरोबर. आणि आपल्याकडे मायेची सावली असते, त्यांच्याकडे सावली पडली की संशय.

आता खरी गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात बोटिमवर आमची आई नातीला म्हणाली, "तुला बघून डोळे निवले गं." कन्येने मला इंग्रजीत विचारलं, आजीच्या डोळ्यांना काय झालं, डॉक्टरकडे नेलं का? आईला इंग्रजी तेवढं कळतं. ती हसली, पण नंतर फारसं बोलली नाही. सॉनेट न कळण्याचं मला काही वाटत नाही. हे मात्र लागलं.

त्या संध्याकाळी तो विषय पुन्हा काढला. निवणे म्हणजे गार होणे, असं समजावत होतो, तर तीच म्हणाली, "कुर्रत ऐन! अरेबिकच्या टीचर म्हणतात." मी चाट. कुर्रतुलऐन हैदर हे नाव इतकी वर्षं ऐकतोय, त्यात डोळ्यांचा गारवा आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाळवंटातल्या माणसाला आणि सोलापूरच्या बाईला आनंद एकाच जागी गार लागतो तर!

शुक्रवारी फोन लागला तेव्हा कन्येने आजीला हा अरबी शब्द तीनदा म्हणायला लावला. आईचं 'कुर्रत' काही केल्या 'कुरड्या'च्या पुढे जाईना.

गृहपाठातलं भांडण कन्येने खोडलेलं नाही. खाली एक ओळ वाढवली आहे: 'किंवा कवीला थंडी वाजत असावी.'