सरकीच्या काळ्या ठिपक्यातून थेट क्योटोला

सरकीचा दाणा घ्या, ब्लेडने उभा कापा आणि साध्या भिंगाखाली धरा. पिवळसर गरात बारीक काळे ठिपके दिसतील, एकदोन नाही, सगळ्या गरभर. यवतमाळ जिल्ह्यात जन्म काढला, गाईला सरकी चारली, ढेपेची पोती पाठीवर वाहिली, आणि या ठिपक्यांकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं! त्या प्रत्येक ठिपक्यात गॉसिपॉल नावाचं विष साठवलेलं असतं. कपाशीने ते किडींसाठी तयार केलेलं. मार्चलेव्स्की नावाच्या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याला हे नाव दिलं. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव त्याचा बराच बंदोबस्त करतात. कोंबडीला, डुकराला आणि रवंथ सुरू न झालेल्या वासराला ते बाधतं.

पण मी वेडा झालोय तो ठिपक्यामुळे नाही. कपाशी हे विष कसं बनवते, त्याची एकेक पायरी मला मोबाइलवर फुकट बघायला मिळाली, म्हणून!

केग नावाचा एक संग्रह आहे. क्योटो विद्यापीठात मिनोरू कानेहिसा यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला. जगभरच्या शोधनिबंधांत विखुरलेली माहिती वाचायची आणि पेशीत काय कशापासून बनतं याचे नकाशे हाताने काढायचे, असं हे काम. छोटं वर्तुळ म्हणजे रसायन, चौकोन म्हणजे विकर (एन्झाइम), मध्ये बाण. दिसायला अगदी रुक्ष. पण नकाशा उघडून सजीवांच्या यादीतून कापूस निवडला आणि काही चौकोन फटाफट हिरवे झाले. हिरवा म्हणजे, ते विकर बनवणारं जनुक कपाशीत सापडलंय. बोट ठेवलं की जनुकांची यादी, यादीवर बोट ठेवलं की अक्षरन् अक्षर डीएनए. मी ओरडलोच. आई सोप्यातून म्हणाली, “काय झालं रे? काहून ओरडून राह्यला?” तिला काय सांगू, की आपल्या वावरातली कपाशी जपानात हिरवी झालीय!

वाट अशी: फार्नेसिल डायफॉस्फेट नावाचा पंधरा कार्बनचा रेणू, त्यावर डेल्टा-कॅडिनीन सिंथेज हे विकर काम करतं आणि डेल्टा-कॅडिनीन तयार होतं. पुढच्या पायऱ्यांसाठी मेटासायक नावाच्या दुसऱ्या संग्रहात गॉसिपॉलचं स्वतंत्र पानच आहे. अनेक टप्प्यांनी हेमिगॉसिपॉल बनतं आणि शेवटी त्याचे दोन रेणू जुळून एक गॉसिपॉल. पंधरा आणि पंधरा, तीस कार्बन. हिशेब चोख!

आता खरी गंमत. रिॲक्टोम हा माणसाच्या शरीराचा संग्रह. त्यात कोलेस्टेरॉलचं पान उघडलं, आणि मध्येच कोण उभं? तेच फार्नेसिल डायफॉस्फेट! कपाशी त्यातून विष काढते, आपलं यकृत त्यातून कोलेस्टेरॉल काढतं. दोन वेगळे संग्रह, दोन वेगळे देश, तरी रेणू एकच आहे हे संगणकाला कळतं कसं? आमच्या वावराला घरात ‘वडाचं’ म्हणतात, शेजारी ‘खालचं’ म्हणतात, पण सातबाऱ्यावर गट नंबर एकच. रेणूंनाही असे नंबर दिलेत आणि एका संग्रहाचा नंबर दुसऱ्याशी जोडून ठेवलाय. त्याच्याही पुढे जाऊन बायोपॅक्स नावाची सामाईक मांडणी ठरली, २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्या आधाराने पाथवे कॉमन्स हे ठिकाण अनेक संग्रहांची माहिती एकाच जागी आणतं. त्यात बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सने उभारलेला नेटपाथही आहे!

हे सगळं मोठ्या प्रयोगशाळांचंच काम, असं वाटेल. तसं नाही. २००८ मध्ये सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने क्षयावरची औषधं शोधायला ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी हा उपक्रम सुरू केला, परिषदेचे तेव्हाचे प्रमुख समीर ब्रह्मचारी त्यामागे होते. क्षयाच्या जिवाणूची सुमारे ४००० जनुकं. कोणतं काय करतं, हे देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी निबंध वाचून वाचून नोंदवलं. आणि २००८ मध्येच विकिपाथवेज आलं, तिथे तर नाव नोंदवून कुणीही नकाशा काढू शकतं, जाणकार मग तो तपासतात. यवतमाळच्या कॉलेजातली पोरं कपाशीचे नकाशे काढायला बसली तर!

आणि अशा नकाशाचा उपयोग काय, तर ऐका. टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांनी नेमकं तेच विकर, डेल्टा-कॅडिनीन सिंथेज, धरलं. त्याचं जनुक फक्त बियांत गप्प केलं. २००६ मध्ये निबंध आला: सरकीत गॉसिपॉल अगदी कमी, पानांत मात्र नेहमीसारखं, म्हणजे झाडाचं किडींविरुद्धचं हत्यार शाबूत. अमेरिकेत या कपाशीच्या लागवडीला २०१८ मध्ये आणि तिची सरकी खाण्याला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. एवढ्या मोठ्या साखळीत कुठे हात घालायचा, हे वाट ठाऊक असल्याशिवाय कळलंच नसतं.

रात्रीचा एक वाजलाय आणि मी आता दुसऱ्या टोकाने निघालोय, अळीच्या. सरकीत विष, मग अमेरिकन बोंडअळी बोंडं पोखरून धडधाकट कशी राहते? २०१६ च्या एका निबंधात उत्तर सापडलं: तिच्याकडे यूजीटी नावाची विकरं आहेत, ती गॉसिपॉलला साखर चिकटवतात आणि ते विष्ठेतून बाहेर पडतं. यूजीटी आपल्या यकृतातही असतात, पॅरासिटामॉलचा बराचसा निचरा तीच करतात. रिॲक्टोममध्ये त्यांचंही पान आहे, तेच उघडतोय.