हात मागे

दिल्लीच्या द्वारकेत जानेवारीचं ऊन फार वेळ टिकत नाही. सोसायटीच्या गच्चीवर ते यायचं, तेवढ्यात मावशीची शाळा भरायची. जुनी चादर, पाच किलो मटार आणि आजूबाजूच्या घरांतली चार-पाच वर्षांची पोरं. तिची हिंदी दिव्य होती, पण पोरांचं काही अडलं नाही.

शेंग कुठे दाबली की टचकन उघडते, हे ती कुणालाच सांगायची नाही. एकजण दातांनी फाडायचा, एकीनं नखानं शीर ओढायची युक्ती काढली. दाणे चादरभर पळायचे. मग आपोआपच मोजामोजी सुरू व्हायची. नऊ दाण्यांची शेंग निघाली की नुसता कल्ला! एखाद्या आजीला राहवायचं नाही. नातवाच्या हातातली शेंग घ्यायला त्या वाकल्या की मावशी त्यांच्या हातात चहाचा कप द्यायची आणि स्वतः हात मागे बांधून उभी राहायची.

ही सवय कोसबाडची. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं वारली पाड्यांवर कुठून आणायची? शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी थेट कुरणात. मावशी तरुणपणी तिथे शिकली. पुढे जन्मभर बालवाडी चालवली आणि म्हातारपणी माझ्याकडे आली.

इथे टँकरची वाट बघण्याचे दिवस होते. तिला तर मुलांना एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला द्यायचं असायचं. मग तांदूळ धुतलेलं पाणी ती बादलीत जपून ठेवायची. माझी लेक ते इतकं सांडायची की मी फडकं घेऊन धावायचे. मावशी ते फडकं माझ्याकडून काढून लेकीच्याच हातात द्यायची. हे ‘कृतीतून शिक्षण’ वगैरे शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत.

शेवटच्या आजारात तिची बोटं थरथरायची. स्वेटरचं एक बटण लावायला इतका वेळ लागायचा की बघवायचं नाही. मी पुढे झाले की ती नुसती नजर वर करायची. बटण लागेपर्यंत खोलीत दुसरं काही चालायचं नाही.

ती गेल्यावर कपाटात डबे निघाले. चिंचोके, सागरगोटे, कवड्या, बाटल्यांची झाकणं, सगळं वेगवेगळं लावलेलं. एका शाळेत देऊ केले, तर ‘मुलांनी गिळलं म्हणजे?’ म्हणाले. तेही खोटं नाही. पण मावशी मुलांच्या शेजारून कधी हलायची नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सरकारनं ‘जादुई पिटारा’ आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टी. बातमी वाचली आणि आधी तिला सांगावंसं वाटलं. तिनं पेटी मागवून घेतली असती, जमिनीवर मांडून अर्ध्या वस्तू नावाजल्या असत्या आणि उरलेल्यांवर मनसोक्त तोंडसुख घेतलं असतं. मी सरकारची बाजू घेतली असती, मुद्दाम. आता हे भांडण घालायला घरात माणूसच नाही.