रोख्यांवर उभे राहिलेले क्रीडांगण

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचे शहर एरवी शांत असते. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतच भरली. शरद ऋतूतील काही शनिवारी मात्र तेथील एकाच क्रीडांगणात लाखाहून अधिक माणसे बसतात. मिशिगन स्टेडियमची आसनसंख्या १,०७,६०१ आहे. येथील फुटबॉल अमेरिकी पद्धतीचा. लंबगोल चेंडू बहुतांशी हातानेच नेला किंवा फेकला जातो. खेळणारे विद्यापीठाचे विद्यार्थी असतात.

वाणिज्याच्या अभ्यासकाला या वास्तूची जन्मकथा विशेष रुचावी. विद्यापीठाचे क्रीडासंचालक फील्डिंग योस्ट यांना भव्य क्रीडांगण हवे होते. खेळाच्या पसाऱ्यात विद्येचे स्थान काय उरेल, ही प्राध्यापकांची चिंता होती, आणि ती अनाठायी नव्हती. प्रश्न एका समितीकडे गेला. तिचे अध्यक्ष एडमंड डे हे विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशासन शाखेचे अधिष्ठाता होते. १९२६ च्या अहवालाने क्रीडांगणास संमती दिली. परंतु बांधकाम साधे, केवळ उपयुक्ततेपुरते असावे आणि सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठीही खेळाच्या सोयी व्हाव्यात, असे सुचविले.

पैसा उभारला तो कर्जरोख्यांतून. प्रत्येकी ५०० डॉलरचे ३,००० रोखे, व्याज अवघे तीन टक्के. म्हणजे वर्षाला १५ डॉलर. एवढ्यासाठी कोण रक्कम गुंतवील? खरे आकर्षण निराळे होते. रोखेधारकास दहा वर्षे मैदानाच्या मध्यभागासमोरील तिकिटे विकत घेण्याचा हक्क मिळणार होता. व्याज कमी ठेवून हक्काचे मोल वाढविणारी ही योजना कोणाही मुरलेल्या सावकाराने मान डोलवावी अशीच होती. क्रीडांगणाचा खर्च साडेनऊ लाख डॉलरच्या घरात गेला. उर्वरित निधीचा आधार क्रीडाविस्ताराच्या अन्य कामांना झाला. १ ऑक्टोबर १९२७ रोजी पहिला सामना झाला. दोनच वर्षांनी शेअर बाजार कोसळला, प्रेक्षक रोडावले आणि तिकिटांच्या उत्पन्नावर विसंबलेली ही उभारणी कसास लागली.

योस्ट यांना आरंभी सुमारे ७२,००० आसनांवर समाधान मानावे लागले. तथापि पाया त्यांनी लाखाहून अधिकांचा भार पेलेल असा करून घेतला. त्या पायाचे चीज १९५६ मध्ये झाले. आसनसंख्या १,०१,००१ झाली. शेवटचा 'एक' हे फ्रिट्झ क्रिस्लर या प्रशिक्षक-संचालकांच्या सन्मानार्थ ठेवलेले आसन. ते नेमके कोठे आहे, हे गुपितच आहे. पुढे २०१० मध्ये २२ कोटी ६० लाख डॉलर खर्चून नूतनीकरण पूर्ण झाले आणि धनिकांसाठी काचेचे कक्ष आले. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्यास विरोध केला होता. डे समितीचा साधेपणाचा आग्रह आठवला की तो विरोध रास्तच वाटतो.

सामना पाहू इच्छिणाऱ्याने काही तास आधीच पोहोचावे. शेजारच्या शाळेच्या आवारात आणि गोल्फच्या हिरवळीवर मोटारींच्या रांगा लागतात, शेगड्या पेटतात, घरोघरचे डबे उघडतात. शेगडीवर बहुधा मांसच असल्याने शाकाहारी कुटुंबाने आपली शिदोरी बाहेरच आटोपून घ्यावी. मग पिवळ्या-निळ्या पोशाखांच्या लोंढ्यातून प्रवेशद्वारी यायचे. क्रीडांगणाचा बराचसा भाग जमिनीत खोदलेला असल्यामुळे आत शिरणारा थेट वरच्या कडेवर येतो आणि संपूर्ण विहीरच्या विहीर माणसांनी भरलेली एकाएकी पायांखाली दिसते. बसायला लांबच लांब बाक, त्यांवर क्रमांक. अंग चोरूनच बसावे लागते. वाद्यवृंद मैदानात उतरतो, १८९८ मध्ये रचलेले विद्यापीठाचे विजयगीत सुरू होते आणि अनोळखी शेजारीही मुठी उंचावून सूर मिळवतात.

वसंतात याच बाकांवर पदवीदान समारंभासाठी आलेले पालक बसतात. त्यांत भारतातून गेलेले आईवडीलही असतात. खाली मैदानात हजारो झग्यांच्या गर्दीत ते आपले मूल शोधत असतात.