गाडीत घर, पण लायसन कुठलं?

मार्च महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी पुतण्या पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा. "काका, नोकरी लागली. महिना 18 हजार, भत्ता वेगळा."

थोरल्या भावाचा हा मुलगा. वय 24. तीन वर्षं झाली, लोकांच्या मोटारी चालवतो. आता त्याला चालवायचं होतं ते चाकांवरचं घर. बसच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी, आत पलंग, गॅसची शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी. सिनेमावाल्यांची व्हॅनिटी असते ना, तशीच. आपल्या शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने देणारे पुढे आले आहेत. फिरायला जाणारे आत झोपणार आणि आमचा पोरगा रात्रीचा घाट उतरणार.

मी पेढा खाल्ला आणि विचारलं, "लायसन?"

"आहे ना, मोटारीचं. मालक म्हणाले, तेवढ्यावर चालतं. कोर्टाने आता सगळं माफ केलंय."

माझं आयुष्य कागद वाचण्यात गेलं. माणसाच्या बोलण्यापेक्षा कागदाचा कोपरा मी आधी बघतो. ही सवय घरात कुणाला आवडत नाही. मी म्हटलं, "आर.सी.ची झेरॉक्स आण, मग बोलू."

झेरॉक्स आली. तिच्यावर दोन वजनं होती. रिकामी गाडी 7,100 किलो, भरल्या गाडीचं एकूण वजन 9,600 किलो. मालकाने पोराला पहिला आकडा दाखवला होता. दुसऱ्यावर त्याचा अंगठा होता की काय, कोण जाणे!

मालकाचं बोलणं निव्वळ खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला हलकं भाड्याचं वाहनही चालवता येईल, वेगळी नोंद लागणार नाही. टेम्पो-टॅक्सीवाल्या कितीतरी पोरांचा त्यात फायदा झाला. पण हलकं म्हणजे किती? 1988 च्या मोटार वाहन कायद्यात रेघ मारलेली आहे, 7,500 किलो. साधी मोटार असेल तर रिकामं वजन धरायचं. भाड्याने फिरणारं वाहन असेल तर एकूण वजन, म्हणजे माणसं, सामान, टाकीतलं पाणी, सगळं धरून. आत पलंग आहे की बाकडी, हे कायदा विचारत नाही.

म्हणजे या गाडीला हेवीचंच लायसन हवं. हे मी संध्याकाळी भावाकडे जाऊन सांगितलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हातातोंडाशी आलेला घास तुम्ही काढून घेताय. सगळे चालवतात."

सगळे चालवतात, हे खरंच आहे. पकडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर चालवणाऱ्याला 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि गाडी हातात देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा. पण मला भीती दंडाची नव्हती. उद्या घाटात कुणी चिरडलं, तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन बघणार. जखमीला कंपनीने आधी पैसे दिले, तरी ते मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम होऊ शकतो. तेव्हा मालक म्हणेल, मी याला हेवीचं लायसन आणायला सांगितलं होतं. लेखी कुठे काय होतं?

दादा इतका वेळ गप्प होता. जन्मभर ट्रकवर क्लीनर राहिलेला माणूस. मग म्हणाला, "मला 2010 ला परत पाठवलं होतं. सातवी पास म्हणून."

ते मी विसरलो होतो. तेव्हा भाड्याचं वाहन चालवायच्या लायसनला आठवी पासची अट होती. ती 2019 साली काढली, तोवर दादाची नजर अधू झाली होती. गाडी त्याला सगळ्या ड्रायव्हरांपेक्षा चांगली कळायची. पोराकडे बघून तो म्हणाला, "तुला कुणी अडवलेलं नाही. काढ."

खरंच अडचण काही नव्हती. वय 20 पूर्ण हवं. मोटारीचं लायसन निदान एक वर्ष जुनं हवं. डॉक्टरचा नमुना 1-अ चा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, आणि कच्चं लायसन निघाल्यावर 30 दिवस थांबून परीक्षा. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. अडचण फीची होती. ती मी पतपेढीतून कर्ज काढून भरली. हे बायकोला दुसऱ्या दिवशी सांगितलं, ते चुकलंच.

पुतण्याने मालकाला दोन महिने मागितले. मालकाने त्याच आठवड्यात दुसरा मुलगा ठेवला. मोटारीच्याच लायसनवर.

आता आमचा गडी पहाटे पाचला स्कूलच्या जुन्या बसवर जातो. आरशात मागचं चाक दिसेपर्यंत वळण घ्यायचं नाही, हे त्याला पहिल्या दिवशी दादानेच चहाच्या कपबश्या मांडून शिकवलं होतं. परीक्षेची तारीख 18 मिळाली आहे. वहिनी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.